गॅरी किल्डॉल : कॉम्प्युटरची किल्ली मालकाच्या हाती देणारा माणूस

बिल गेट्स कोण, हे मेसमधल्या काकांपासून प्रिन्सिपल सरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. स्टीव्ह जॉब्सचं पोस्टर तर आमच्या विंगमध्ये दोन रूममध्ये आहे. पण गॅरी किल्डॉल हे नाव मी वर्गात विचारलं, तर कुणालाच ओळखीचं वाटलं नाही. एकीला तो क्रिकेटर वाटला! गंमत म्हणजे तीच मुलगी दिवसातून दहा वेळा सी ड्राइव्ह म्हणते आणि मशीन अडकलं की बायोसमध्ये जाऊन बघते. बायोस हा शब्द किल्डॉलनं रूढ केला. ए, बी, सी अशी ड्राइव्हची अक्षरं घराघरात पोहोचली तीही त्याच्याच सिस्टीममुळे.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर जरा टेन्शनच आलं. पण मॅडम म्हणाल्या की आपल्या ब्रँचमधलंच काहीतरी सोप्या भाषेत लिही. तेव्हा विचार केला, हॉस्टेलमध्ये आणि स्टाफरूममध्येही सारखा निघणारा विषय घ्यावा. तो म्हणजे कॉम्प्युटर आपला, पण त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट कधी होणार हे ठरवणारा दुसराच कुणीतरी! सबमिशनच्या आदल्या रात्री स्क्रीनवर टक्केवारी फिरत राहते आणि आपण हातावर हात ठेवून बसतो. गावाकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर जोडला तर दिवसाचा डेटा न विचारता संपतो.

हे असंच असायला हवं का? पूर्वी असं नव्हतं. जेव्हा नव्हतं, तेव्हाच्या जगाचा पाया ज्यानं घातला त्याची ही गोष्ट.

नौकानयनाच्या शाळेतला मुलगा

गॅरी किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ ला अमेरिकेतल्या सिॲटल या बंदराच्या शहरात झाला. त्याच्या घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. आजोबांनी ती सुरू केली, पुढे वडिलांनी चालवली. जहाज समुद्रात नेमकं कुठे आहे, हे ताऱ्यांवरून आणि गणितावरून कसं काढायचं, ते तिथे शिकवत. गॅरी शाळेत असताना काही फार हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जात नव्हता. त्याला गाड्या खोलायला आवडायच्या, यंत्रं जोडायला आवडायची. शाळा संपल्यावर काही काळ त्यानं घरच्या शाळेत शिकवलंही.

शिकवता शिकवता त्याला गणिताची गोडी लागली असावी, कारण पुढे तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गणितासाठी गेला आणि तिथून कॉम्प्युटरकडे वळला. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. प्रोग्रॅम लिहायचा, रांगेत लावायचा आणि आपली पाळी यायची वाट बघायची. मशीन संस्थेचं, वेळ संस्थेची. विद्यार्थ्यानं मालकीची भाषा करायचा प्रश्नच नव्हता.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. सक्तीच्या लष्करी सेवेची वेळ आली तेव्हा किल्डॉल नौदलात अधिकारी झाला आणि कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात शिकवू लागला. मधल्या काळात सिॲटलला परत जाऊन १९७२ मध्ये त्यानं पीएचडी पूर्ण केली. कम्पायलर डिझाइनमध्ये आपण जे डेटा फ्लो ॲनालिसिस शिकतो, त्यावर त्याचा १९७३ चा पेपर आजही मूलभूत समजला जातो. म्हणजे परीक्षेत ज्याच्यावर प्रश्न येतो तो हाच माणूस, आपल्याला फक्त नाव माहीत नसतं.

पंचवीस डॉलरची जाहिरात

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलनं ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. किल्डॉलच्या नजरेला त्याची एक जाहिरात पडली. पंचवीस डॉलरमध्ये कॉम्प्युटर! खरं तर पंचवीस डॉलरला मिळत होती ती नुसती चिप, तिच्याभोवती बाकीचं सगळं उभं करावं लागणार होतं. बहुतेक इंजिनिअरना ती ट्रॅफिक सिग्नल किंवा कॅलक्युलेटरमध्ये घालायची वस्तू वाटली. किल्डॉलला मात्र त्यात टेबलावर मावणारा, एका माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर दिसला.

त्यानं चिपसाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि कॉलेजात शिकवता शिकवता आठवड्यातून एक दिवस इंटेलला सल्लागार म्हणून जाऊ लागला. १९७३ मध्ये त्यानं इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. तोपर्यंत मायक्रोप्रोसेसरसाठी असेंब्लीत एकेक सूचना लिहावी लागे. पीएल/एममुळे ते काम माणसाला वाचता येईल अशा भाषेत करता येऊ लागलं.

पण एक अडचण होती. लिहिलेला प्रोग्रॅम साठवायचा कुठे? कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून साठवत, आणि ती पट्टी वाचायला बराच वेळ लागे. तेव्हा नुकतीच फ्लॉपी डिस्क आली होती. किल्डॉलनं शुगार्ट कंपनीकडून आठ इंची फ्लॉपीचा एक वापरलेला ड्राइव्ह मिळवला. ड्राइव्ह आला, पण तो चिपला जोडणारं सर्किट त्याला जमेना. शेवटी जॉन टोरोडी या मित्रानं कंट्रोलर बनवून दिला. १९७४ मध्ये माँटेरेजवळच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात, घरामागच्या अवजारांच्या खोलीत दोघांनी तो चालू केला. किल्डॉलनं लिहिलेला प्रोग्रॅम फ्लॉपीवरून वर आला आणि पडद्यावर खूण दिसली. ही सीपी/एम. मायक्रोकॉम्प्युटरची पहिली गाजलेली ऑपरेटिंग सिस्टीम.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा व्यवस्थापक. फाईल कुठे ठेवायची, कीबोर्डवरचं अक्षर कुठे पाठवायचं, प्रिंटरला काय द्यायचं, हे सगळं ती बघते. आपले बाकीचे प्रोग्रॅम तिच्या भरवशावर चालतात. म्हणूनच तिच्यात कुणी काही बदललं की बाकी सगळं हलतं.

किल्डॉलनं सीपी/एम आधी इंटेलला देऊ केली. इंटेलनं पीएल/एम घेतली, सीपी/एम नको म्हणाले. मग त्यानं आणि त्याची पत्नी डोरोथी हिनं मिळून स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांच्या पलीकडचं! पुढे नुसतं डिजिटल रिसर्च राहिलं. सुरुवातीला ऑफिस घरातच होतं. कोडिंग तो बघायचा, धंदा ती.

गेज वेगळे, डबे तेच

मी कुर्डुवाडीची. त्यामुळे किल्डॉलचं सगळ्यात मोठं काम मला रेल्वेवरूनच पटकन समजलं.

आमच्या कुर्डुवाडीला मुंबई-सोलापूरची ब्रॉडगेज लाईन आणि बार्शी लाईटची अडीच फुटी नॅरोगेज लाईन एकत्र यायच्या. बार्शी लाईट १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि नंतर पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. दोन्ही लाईन एकाच गावात, पण इकडचा डबा तिकडे जात नसे. माल उतरवायचा, पुन्हा चढवायचा. पंढरीला जाणारा वारकरीही इथे उतरून गाडी बदलायचा.

१९७५ च्या सुमाराला घरगुती कॉम्प्युटरचं तसंच होतं. प्रत्येक कंपनीच्या मशीनचं गेज वेगळं. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. आयएमसाय नावाच्या कंपनीनं आपल्या मशीनसाठी सीपी/एम मागितली, तेव्हा किल्डॉलला वेगळा ड्राइव्ह, वेगळी जोडणी असं सगळं पुन्हा लिहायची पाळी आली. दर वेळी हे करायचं म्हणजे जन्म जाईल. मग त्यानं सिस्टीमचे तुकडे केले. मशीनच्या गेजशी ज्याचा संबंध येतो तेवढाच भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. फाईली सांभाळणारा मधला भाग, म्हणजे बीडॉस, आणि आपल्या कमांड ऐकणारा वरचा भाग सगळ्या मशीनवर सारखेच राहिले.

आता नवीन मशीन आलं की फक्त बायोस बदलायचं. वरचे डबे तेच! यामुळेच वर्डस्टार, डीबेस टू यांसारखे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालू लागले आणि सॉफ्टवेअर दुकानात विकायचा धंदा उभा राहिला.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. बायोस हा भाग मशीन बनवणारा लिहायचा, आणि वापरणाऱ्याला थोडं कळत असेल तर तो स्वतःही बदलायचा. मग सिसजेन नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून ती सिस्टीम आपल्या हातानं फ्लॉपीवर लिहायची. म्हणजे अपडेट होतंच, पण ते पाकिटातून फ्लॉपीवर यायचं. १९७९ ची २.२ आवृत्ती तुम्हाला पुरेशी वाटत असेल तर १९८३ ची ३ आवृत्ती घ्यायची काही सक्ती नव्हती. जुनी फ्लॉपी कपाटात राहायची. नवीन बिघडली की जुनी घालायची, कॉम्प्युटर पूर्वीसारखा सुरू.

आमचे लॅबचे सर सांगतात की सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची. तिच्यावर कागदी स्टिकर चिकटवला की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहीतच नसे. म्हणजे अपडेट थांबवायची सोय एका स्टिकरची होती! ना सेटिंग, ना मेनू. जगातल्या कुठल्याही कंपनीला तो स्टिकर दुरून काढता येत नव्हता.

आयबीएम दारात आली तेव्हा

१९८० पर्यंत डिजिटल रिसर्च ही मायक्रोकॉम्प्युटरच्या जगातली मोठी कंपनी झाली होती. त्या वर्षी आयबीएम गुप्तपणे स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती आणि त्यांना सीपी/एम हवी होती. ऑगस्टमध्ये त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली.

या दिवसाबद्दल एक किस्सा फार पसरला आहे, की किल्डॉल मजेसाठी विमान उडवत बसला आणि आयबीएम हात हलवत परत गेली. तो वैमानिक होता हे खरं. पण त्या सकाळी तो आपल्या विमानानं दुसऱ्या एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता आणि व्यवहाराची बोलणी नेहमीप्रमाणे डोरोथी बघत होती. आयबीएमनं गुप्ततेचा एक एकतर्फी करार सहीसाठी पुढे केला. डोरोथी आणि कंपनीचे वकील सही करायला कचरले. नंतर किल्डॉल परत आल्यावर बोलणी झाली, पण सौदा ठरला नाही.

आयबीएम मग मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टनं सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीची ८६-डॉस ही सिस्टीम आधी परवान्यावर घेतली आणि जुलै १९८१ मध्ये विकत घेतली. तिची वागणूक, कमांडची धाटणी सीपी/एमसारखीच होती. हीच पुढची पीसी-डॉस आणि एमएस-डॉस. किल्डॉलला ते कळल्यावर तो चिडला. आयबीएमनं तडजोड म्हणून त्याची सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. पण किंमत बघा. पीसी-डॉस ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ २४० डॉलर! ग्राहक कुठली उचलणार हे सांगायला इकॉनॉमिक्सच्या सरांची गरज नाही.

मला इथे वाईट वाटतं ते किल्डॉलचे पैसे बुडाले म्हणून नाही, त्यानं पैसे पुष्कळ कमावले. पण एक माणूस आयुष्यभर हरलेला म्हणूनच ओळखला गेला, आणि तोही एका अर्धवट किश्श्यामुळे.

हरलेला, पण थांबलेला नाही

किल्डॉल नंतरही नवीन गोष्टी करत राहिला. एका वेळी अनेक कामं करणाऱ्या सिस्टीम, जेम नावाचा खिडक्या आणि चित्रांचा इंटरफेस, हे त्याच्या कंपनीनं दिलं. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीनं ग्रोलियरचा विश्वकोश सीडी-रॉमवर आणला. १९९० पर्यंत कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात तो सहनिवेदक होता. त्याचे जुने भाग आजही बघायला मिळतात. उंच, दाढीवाला, शांत बोलणारा माणूस. दुसऱ्या कंपनीचं मशीन समोर आलं तरी कुतूहलानं बघणारा. मला तो आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या प्रोफेसरसारखा वाटतो.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चनं डीआर-डॉस आणली. ती एमएस-डॉसच्या जागी चालायची आणि पुष्कळांना जास्त आवडायची. पण १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत एक लपवलेला तुकडा सापडला. खाली मायक्रोसॉफ्टची डॉस नसेल तर तो विनाकारण एररचा मेसेज दाखवायचा. विक्रीच्या आवृत्तीत तो बंद ठेवला होता, पण कोड तिथेच होता. पुढे हक्क घेणाऱ्या काल्डेरा कंपनीनं खटला भरला आणि जानेवारी २००० मध्ये तो तडजोडीनं मिटला. आपल्या मशीनवर काय चालायचं हे मालकाऐवजी सिस्टीमवाला ठरवू लागला, याची ही एक सुरुवातीची खूण.

१९९१ मध्येच डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीनं विकत घेतली. किल्डॉलच्या हातात पैसा होता, विमानं होती, पण समाधान राहिलं नाही. दारूचं व्यसन वाढलं. ८ जुलै १९९४ ला माँटेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला तो गेला. वय ५२. आपल्या कित्येकांच्या वडिलांचं वय.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला कंपनीच्या जुन्या ऑफिसाबाहेर आयईईईनं सीपी/एमच्या आठवणीचा फलक लावला. म्हणजे दखल घेतली गेली, पण वीस वर्षं उशिरा.

मग अपडेट आपोआप कसं झालं?

किल्डॉल गेला तेव्हा घरगुती कॉम्प्युटर नुकताच इंटरनेटला जोडला जात होता. तो जोडला गेला आणि फ्लॉपीवरचा स्टिकर निरुपयोगी झाला. विंडोज ९८ पासून अपडेट इंटरनेटवरून येऊ लागले. २००० च्या विंडोज एमईपासून ते आपोआप येऊ लागले. तरीही २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये चार पर्याय होते : आपोआप करा, उतरवून ठेवा आणि विचारा, नुसतं कळवा, किंवा बंद. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा होम आवृत्तीतून बंद हा पर्याय गेला.

२०१६ मध्ये तर विंडोज ७ वापरणाऱ्यांच्या मशीनवर १० ही पूर्ण नवीन सिस्टीम उतरायला लागली. कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हल व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचा ऑफिसचा कॉम्प्युटर त्यात बिघडला. त्या कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर भरपाई मिळवली. मायक्रोसॉफ्टनं अपील मागे घेतलं. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये काही लोकांच्या स्वतःच्या फाईली पुसल्या गेल्या आणि तो अपडेट मागे घ्यावा लागला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट आपोआप पोहोचला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. भारतात विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला, ब्रिटनमधली हॉस्पिटलं अडली. त्या भोकाचं ठिगळ मार्च महिन्यातच आलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. किल्डॉलच्या काळात मशीन कुणाला जोडलेलंच नव्हतं, म्हणून जुनी आवृत्ती दहा वर्षं वापरली तरी चालायचं. आज चालत नाही.

तेव्हा थांबवायचा आहे तो अपडेट नाही, त्यातला आपोआपपणा. पुन्हा रेल्वेचंच उदाहरण देते. रुळांची दुरुस्ती रोज लागते. पण त्यासाठी ब्लॉक घेतात. तारीख, वेळ आधी जाहीर होते, गाड्या त्याप्रमाणे वळवतात. कुर्डुवाडीला धावत्या गाडीखालचा रूळ कुणी उखडत नाही. आपल्या कॉम्प्युटरलाही ब्लॉक हवा, आणि तो आपण जाहीर केलेला हवा.

ब्लॉक कसा घ्यायचा?

पहिलं, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून पॉज करा. होम आवृत्तीतही पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. सबमिशन आणि परीक्षेच्या आधी हे करून ठेवायचं. मुदत संपली की एकदा अपडेट करून घ्यायचं, मग पुन्हा पॉज मिळतं.

दुसरं, तिथेच ॲक्टिव्ह अवर्स आहेत. दिवसातले जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. त्या वेळात मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. आपण हॉस्टेलवाले रात्री दोनला जागे असतो हे मशीनला माहीत नसतं, ते सांगावं लागतं.

तिसरं, हॉटस्पॉटवर असाल तर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा. मग मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं करावं लागतं. गावचा हॉटस्पॉट वेगळा, हॉस्टेलचं वायफाय वेगळं.

चौथं, प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये विंडोज अपडेटखाली कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स ही पॉलिसी चालू करून दुसरा पर्याय निवडा. मग सिस्टीम उतरवण्याआधी आपल्याला विचारते. एक्सपीच्या काळातला नुसतं कळवा हाच पर्याय! होम आवृत्तीत हा एडिटर मिळत नाही.

पाचवं, काय करू नये. काही जण सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट सर्व्हिसच डिसेबल करतात. तिच्यावर लक्ष ठेवणारी मेडिक नावाची दुसरी सर्व्हिस असते, ती तिला पुन्हा उठवते. आणि उठवली नाही तर जास्त वाईट, कारण सुरक्षेची ठिगळंही बंद होतात. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेले अपडेट ब्लॉकरही नकोत. चोराच्या हाती किल्ली देऊन कुलूप लावल्यासारखं ते होतं.

उबुंटू वापरणाऱ्यांनाही सांगते. तिथेही सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतात, पण सेटिंगमधून ते सरळ बंद करता येतात. ज्यांच्या घरी अजून विंडोज १० आहे त्यांचा प्रश्न मात्र उलटा आहे. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे अपडेट थांबवायची नाही, नसण्याची काळजी करायची.

मी महिन्यातला एक रविवार ठरवला आहे. आधी प्रोजेक्टची कॉपी पेनड्राइव्हवर, मग अपडेट, मग रीस्टार्ट, आणि तोवर कपडे धुऊन होतात. एवढंच. आमच्या विंगमधल्या तिघी आता हेच करतात.

किल्डॉलनं पाहिलेला कॉम्प्युटर एका माणसाचा, त्याच्या टेबलावरचा होता. त्यातला बदल त्या माणसाच्या हातून व्हावा एवढं साधं त्याच्या सिस्टीममध्ये गृहीत धरलेलं होतं. आपण इंजिनिअर उद्या जे सॉफ्टवेअर बनवणार आहोत त्यात नुसतं कळवा आणि विचारा हे पर्याय ठेवायचे की काढायचे, हे तेव्हा आपल्याच हातात असेल. ते ठेवूया. आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना बायोसचा स्क्रीन दिसला, तर सिॲटलच्या त्या दाढीवाल्या सरांची एकदा आठवण जरूर काढा.